बोर्डातली फट

रत्नागिरीत कुवारबावच्या आमच्या कॉलनीत हेमा केळकर राहायला आली ती वडलांसाठी. आप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती पुण्यात नोकरीला होती. आई आधीच गेलेली, भाऊ-बहीण कोणी नाही. तिनं नोकरी सोडली आणि इथे येऊन पुढच्या खोलीत टेबल मांडलं. त्यावर दोन मोठे स्क्रीन. दिवसभर ती त्या स्क्रीनसमोर बसून काय करते हे आम्हा शेजाऱ्यांना बरेच दिवस कळलं नव्हतं. मी समोरच राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी दुपार आप्पांच्या खाटेजवळ जायची. एकदा मी तिला सरळ विचारलंच.

तिनं ड्रॉवरमधून तळहाताएवढी एक हिरवी पाटी काढून माझ्या हातात दिली. "काका, तुमच्या टीव्हीत, मिक्सरमध्ये, सगळीकडे असा एक बोर्ड असतो. ह्याच्यावर तांब्याच्या रेषा कुठून कुठे जायच्या ते मी ठरवते."

"म्हणजे नकाशा काढतेस."

"नकाशा कोणीही काढेल. तो कारखान्याला बनवता येईल असा काढायचा, हे खरं काम. भोक केवढं हवं, दोन रेषांत अंतर किती, त्यांच्या यंत्राला काय जमतं, काय जमत नाही. सगळं तपासून मगच फाइल पाठवायची. एकदा फाइल गेली की संपलं. त्यात चूक असली तर निघणाऱ्या प्रत्येक बोर्डात तीच चूक."

कामात ती फार चोख होती. फाइल पाठवायच्या दिवशी जेवणसुद्धा विसरायची. आप्पांचं करून, स्वयंपाक करून उरलेल्या वेळात तिचं काम चालायचं, तरी पुण्याची माणसं तिच्याकडेच काम पाठवायची.

रत्नागिरीतलं तिचं एकच गिऱ्हाईक होतं, सुजय शेट्ये. पॉलिटेक्निकला दोघं एका वर्गात होती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्याची छोटी शेड होती, चार-पाच माणसं हाताखाली. इन्व्हर्टर दुरुस्त करता करता त्याच्या डोक्यात पंपाचा स्टार्टर बनवायचं आलं. नारळी-पोफळीच्या आगरवाल्यांची विहीर खाली, टाकी वर. पंप चालू करायचा, टाकी भरली की धावत खाली येऊन बंद करायचा. सुजयचा स्टार्टर मोबाइलवरून चालू व्हायचा आणि टाकी भरली की आपोआप बंद. त्यासाठी टाकीत स्टीलच्या दोन कांड्या लोंबत सोडलेल्या असत. पाणी कांड्यांना टेकलं की त्यातून अगदी नाममात्र करंट वाहायचा, आणि खालच्या पेटीतल्या बोर्डाला कळायचं की टाकी भरली. तो बोर्ड हेमाचा.

पहिला स्टार्टर बसवला तो नेवरे गावाच्या आत, चिंतामणी पटवर्धनांच्या आगरात. पटवर्धन हे हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, सत्तरी ओलांडलेले. त्यांचं नारळी-पोफळीचं आगर रावजी मांडवकर सांभाळायचा. रावजी मूळचा संगमेश्वर तालुक्यातल्या आतल्या गावचा, पण अर्धं आयुष्य इथेच गेलेलं. बायको सोनूबाई आणि मुलगी शमिका, तिघं आगरातल्याच दोन खोल्यांत राहत. 

चाचणीच्या दिवशी हेमा मुद्दाम गेली होती. टाकीत सोडलेली वायर बघून रावजी मागे सरला.

"बाय, पान्यात करंट सोडलाव. आनि आमी त्याच पान्यात हात घालायचा?"

हेमा हसली. बाही वर करून तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि कांडी मुठीत धरली. "हे बघा. टॉर्चच्या सेलला हात लावता ना, तेवढाच करंट आहे ह्यात. घाबरू नका."

रावजीनं आधी एक बोट बुडवलं. मग पंजा. मग तोही हसला. कांड्यांवर शेवाळ धरलं की पंप वेळेवर बंद व्हायचा नाही, म्हणून त्या पुसायच्या असतात, हेही तिनंच त्याला शिकवलं. पुढे तो ते काम न चुकता करू लागला.

तिची ती खात्री उगाच नव्हती. तिनं मला नंतर एकदा बोर्ड पुढ्यात ठेवून समजावलं होतं. एका बाजूला पंपाची वीज, माणूस मारणारी. दुसऱ्या बाजूला कांड्यांचा तो किरकोळ करंट. मध्ये मोकळी पट्टी, जिथे तांबं अजिबात नाही. एकाच ठिकाणी एक छोटा काळा भाग ह्या बाजूचा निरोप त्या बाजूला प्रकाशानं पोचवतो, आणि तिथे ही पट्टी सगळ्यात अरुंद होते. त्या भागाच्या पोटाखाली हेमानं बोर्ड आरपार कापून एक फट ठेवली होती.

"नुसती मोकळी जागा पुण्यात चालते," ती म्हणाली होती. "इथे हवा खारी. पावसाळ्यात बोर्डावर ओल बसते, धूळ बसते, मुंग्या पेटीत माती आणतात. त्या घाणीतून वीज हळूहळू वाट काढते. फट असली की घाणीला बसायला जागाच नाही."

पहिले स्टार्टर बरे चालले. दुसऱ्या वर्षी सुजय म्हणाला, पेटी लहान हवी, म्हणजे बोर्डही लहान. हेमानं सगळं आवळून बसवलं. जागा गेली तशी ती फटही बारीक झाली, सुतासारखी. कारखान्याच्या यंत्राला एवढी बारीक फट कापता येते का, हे फाइल पाठवण्याआधी बघायचं राहिलं. कारण त्याच आठवड्यात आप्पांना न्यूमोनिया झाला. हेमानं फाइल पाठवली ती हॉस्पिटलच्या बाकावरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

दोन दिवसांनी पुण्याजवळच्या त्या कारखान्यातून फोन आला. दर्शन नावाचा मुलगा होता. बोर्ड कापायला घेण्याआधी फायली तपासणं हे त्याचं काम.

"मॅडम, बोर्डात मधोमध एक फट दिलीय तुम्ही. फार बारीक आहे. आमचं कटर तेवढं बारीक नाही. रुंद केली तर दोन्हीकडचं तांबं कापलं जाईल. काय करू? काम थांबवू, की फट काढून टाकू?"

"थांबवलं तर?"

"मग पुढच्या खेपेला घेऊ. पंधरा-वीस दिवस जातील."

सुजयची गिऱ्हाइकं खोळंबली होती. आतून नर्स हाक मारत होती, आप्पांना श्वास घ्यायला त्रास होत होता आणि डॉक्टरांना घरच्या माणसाशी बोलायचं होतं.

"काढा," हेमा म्हणाली. "पुढच्या वेळी मी मांडणी बदलून देईन."

"नक्की काढू ना?"

"हो, काढा."

आप्पा वाचले. बोर्ड आले, पेट्या भरल्या, स्टार्टर गेले. दापोलीकडे केळशीपर्यंत, इकडे संगमेश्वरापर्यंत.

"विसरले असं म्हटलं तर ते खोटं होईल, काका," तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. "मधूनमधून आठवायचं. मग वाटायचं, मोकळी जागा आहेच की. नियमाला जरा कमी पडते, पण अगदीच नाही असं नाही. पुढच्या वेळी करू. पण सुजयनं पुढची खेप मागवलीच नाही, मग तेही राहिलं."

पटवर्धनांकडचा जुना बोर्ड पावसाच्या तोंडावर वीज पडून जळला. सुजयच्या फिटरनं, बाबल्यानं, जाऊन नव्या खेपेतला बसवला. तो बोर्ड अख्खा पावसाळा विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहिला.

दसरा झाला, ऊन तापायला लागलं, आगराला पाणी देणं सुरू झालं. एका सकाळी रावजी टाकीच्या कठड्यावर अनवाणी उभा राहून कांड्या पुसायला वाकला. सोनूबाई खाली पोफळीखाली पडलेल्या सुपाऱ्या वेचत होती. बराच वेळ त्याचं खोकणं-खाकरणं काही ऐकू येईना म्हणून तिनं वर बघितलं. तो कठड्यावर ओणवा पडला होता, एक हात पाण्यात. ती धावली, त्याला ओढायला गेली आणि फेकली गेली. तिचा आरडाओरडा ऐकून पटवर्धन घरातून आले आणि त्यांनी मेन स्विच पाडला. रत्नागिरीला आणेपर्यंत रावजी संपला होता.

सुजयचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. हेमानं ऐकून घेतलं. फोन ठेवला, आप्पांचं पांघरूण नीट केलं आणि मला म्हणाली, "काका, मी उद्या नेवऱ्याला जाणार आहे. बसाल ना इथे?"

दुसऱ्या दिवशी ती सुजयबरोबर पोचली तेव्हा सरकारी विद्युत निरीक्षक आले होते. त्यांच्यासमोर पेटी उघडली. निरीक्षकांनी आधी वायरिंग पाहिलं.

"लीकेज ब्रेकर कुठे आहे? करंट कुठे झिरपला तर आपोआप पडतो तो?"

पटवर्धन हात जोडून उभे होते. "होता हो. पण श्रावणापासून सारखा पडायला लागला. चालू केला की पडायचा. वायरमन म्हणाला खराब झालाय, म्हणून मी काढून टाकायला सांगितला."

"अहो मास्तर, तो पडतो तो माणूस वाचवायला पडतो."

पटवर्धन मटकन पायरीवर बसले. निरीक्षकांनी लिहून घेतलं. मालकानं सुरक्षेचं उपकरण काढून टाकलं, त्यामुळे अपघात.

हेमा पेटीजवळ वाकली. काळ्या भागाच्या पोटाखाली मुंग्यांनी आणलेली माती होती, आणि मातीखाली, जिथे फट असायला हवी होती तिथे, ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत केसासारखी काळी रेघ जळून उमटली होती. तिला काही शोधावं लागलं नाही. ब्रेकर खराब नव्हता. श्रावणापासून वीज त्या वाटेनं टाकीच्या पाण्यात झिरपत होती, आणि तेच सांगायला तो पडत होता.

तिनं तेव्हा तोंड उघडलं नाही. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या समोरून ती चालत सुजयच्या गाडीत जाऊन बसली.

आरे-वारेच्या चढावर सुजय म्हणाला, "ब्रेकर काढला नसता तर माणूस वाचला असता. बरोबर की नाही?"

"बरोबर."

"मग आपला काही संबंध नाही."

"फट असती तरी वाचला असता."

"कसली फट?"

तिनं सांगितलं. सुजयनं गाडी कडेला घेतली. खाली समुद्र, रस्त्यावर गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या.

"हे कोणाला माहीत आहे?"

"मला. त्या कारखान्यातल्या मुलाला. आता तुला."

"त्याला आठवणारही नाही. रोज शंभर जणांना फोन करतो तो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हेमा, माझ्याकडे माणसं कामाला आहेत. तुझे आप्पा असे. रावजी काही परत येणार नाही."

"बाकीचे बोर्ड काढायला हवेत, सुजय."

"काय सांगून काढू? आमच्यामुळे माणूस मेला असं?"

पुढे काही दिवस तिनं हे आणखी कोणालाच सांगितलं नाही. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की ती स्क्रीन चालू करून बसते आणि हात चालत नाही. आप्पांना अर्धवट बोलता यायचं. त्यांनी एकदा मला खुणेनं विचारलं, हिला काय झालंय? मी म्हटलं, दमली असेल.

नेवऱ्याहून बातम्या येत होत्या. पोलिसांनी पटवर्धनांवर गुन्हा नोंदवला. गावात लोक म्हणायला लागले, मास्तरांनी चार पैशांच्या ब्रेकरसाठी गडी मारला. सोनूबाई मुलीला घेऊन माहेरच्या गावी निघून गेली. पटवर्धनांनी जेवण टाकलं. हे तिला बाबल्यानं येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हेमा निरीक्षकांच्या ऑफिसात गेली. तिचं ऐकून ते वैतागले. "मॅडम, माझा अहवाल वर गेला. ब्रेकर काढला हे खोटं आहे का?"

"खरं आहे. पण तो का पडत होता तेही खरं आहे. ते तुमच्या अहवालात नाही."

"तुम्हाला कळतंय ना ह्याचा अर्थ काय होतो?"

"कळतंय."

त्यांनी तिचा जबाब लिहून घेतला. दर्शनला पोलिसांनी फोन केला. त्याला खरंच आठवत नव्हतं. पण कारखान्यात आलेली फाइल होती आणि तयार बोर्ड होता. एकात फट, दुसऱ्यात नाही. गुन्ह्यात पटवर्धनांच्या जोडीला हेमाचं आणि सुजयचं नाव आलं.

त्या संध्याकाळी सुजय घरी आला. मी आप्पांजवळ होतो. तो आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"हलकं वाटलं ना तुला?" तो म्हणाला. "आता माझ्या माणसांना तू समजावून सांग. त्यांच्या घरी जाऊन सांग."

हेमा उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं दार लावलं आणि आप्पांचं पेज-पाणी बघायला आत गेली. आप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चांगला हात पुढे करून तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

बोर्ड परत काढायला तिच्याबरोबर कोण आलं, तर बाबल्या. सकाळी मोटरसायकल घेऊन दारात उभा. "ताई, पेट्या मीच लावल्यात. कुठे कुठे ते मलाच ठाऊक. बसा मागे."

दोघं महिनाभर हिंडली. ती आप्पांना माझ्यावर सोपवून जायची आणि दिवेलागणीला परत यायची, केस लाल मातीनं भरलेले. कुठे लोक ऐकायचे आणि लगेच वायर तोडू द्यायचे. कुठे म्हणायचे, आमचं चांगलं चाललंय, तुम्ही कोण बंद करणाऱ्या? केळशीला एकानं तिच्यासमोर कांडीला टेस्टर लावून दाखवला, दिवा लागला नाही, आणि तो म्हणाला, आता चालू लागा. ती हात जोडून म्हणाली, "आज नाही लागणार. पुढच्या पावसाळ्यानंतर लागेल." त्यानं फाटक लावून घेतलं.

संगमेश्वराजवळच्या एका बागेत पेटी उघडली तर आत माती आणि मातीखाली तशीच काळी रेघ. अजून पलीकडे पोचली नव्हती, अर्ध्यावर होती. घरातल्या सुनेनं त्या सकाळीच टाकीतून कळशी भरून नेली होती. हेमा तिथेच चिऱ्यांच्या बांधावर बसली. तो बोर्ड तिनं आणला आणि मिरजोळ्याला जाऊन सुजयच्या टेबलावर ठेवला. त्यानं भिंग घेतलं, बघितलं, आणि बोर्ड उलटा करून ठेवला.

त्यानंतर सुजयनं स्वतः गिऱ्हाइकांना फोन केले. ज्यांनी हेमाला हाकललं होतं त्यांनी त्याचं ऐकलं. पण धंदा तिथेच मोडला. त्याच्या माणसांपैकी दोघं चिपळूणला गेले, एक जण मुंबईला. त्या शेडमध्ये आता कोल्ड्रिंकचं गोदाम आहे. हेमाशी तो अजून बोलत नाही. आणि काही स्टार्टर सापडलेच नाहीत. दुकानदारांनी पुढे विकलेले, ते कोणाकडे गेले हे कोणालाच माहीत नाही. कुठेतरी चालू असतील.

मग ती सोनूबाईकडे गेली. मी म्हटलं होतं, नको जाऊस, वकील रागावतील. ती एसटीनं गेली, पुढे बरंच अंतर चालत. सोनूबाई पडवीत कुळीथ निवडत होती. शमिका आतून आली आणि दाराशी उभी राहिली. हेमानं नाव सांगितलं, आणि मग बोर्डाचं, फटीचं, फोनचं, सगळं सांगितलं. जेवढ्या सोप्या शब्दांत जमेल तेवढ्या.

सोनूबाईनं हात थांबवले नाहीत. सगळं झाल्यावर विचारलं, "पान्यात हात घालून दाखवलास ती तूच ना?"

"हो."

"त्या दिसापास्नं ते भियाचे ऱ्हायले. मी म्हनायची, पंप बंद करून पुसा. ते म्हनायचे, बायनं सोता हात घातलान, काय व्हत नाय."

सोनूबाईनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"आता ह्या मला कशाला सांगतंस?"

"तुम्हाला खरं कळायला हवं म्हणून."

"खरं." सोनूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "मास्तरांनी मारलानी म्हनून मी रोज उठून त्यांना शिव्या घालत व्हते. तेवढाच जीव जरा थंड व्हायचा. आता सांगतंस, निसता त्यांचाच दोस नाय. मग मी कोनाला शिव्या घालू? तू तर म्होरं येऊन बसलंस. तोंडावर कशा घालू?"

हेमा म्हणाली, "घाला."

सोनूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं शमिकाला पाणी आणायला सांगितलं. तांब्या हेमाच्या पुढ्यात आला, पण तिचा हात पुढे होईना.

"पी," सोनूबाई म्हणाली. "लांबून आलंयस. पी, आनि जा."

आप्पा पुढच्या वर्षी गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. तोवर हेमाचं काम बंद पडल्यासारखंच होतं. पुण्याच्या लोकांनी काढून टाकलं असं नव्हे. एकदोघांनी सांभाळूनही घेतलं, खेळण्यांची, दिव्यांची कामं दिली, ज्यात कोणाच्या जिवाला धोका नाही. पण तिला फाइल पाठवताच येईना. सगळं तपासून व्हायचं, मग पुन्हा पहिल्यापासून तपासायची. पाठवायचं बटण समोर असायचं आणि ती उठून ओट्यावरची भांडी घासायला जायची. मी एकदा म्हटलं, "अगं, खेळण्यातली मोटार ती, पाठव." ती म्हणाली, "हो काका," आणि स्क्रीन बंद केला. गिऱ्हाइकं वाट बघून बघून थांबली. तिनं दोन्ही स्क्रीन विकले. आता ती मारुती मंदिर चौकाजवळच्या एका बॅटरीच्या दुकानात काउंटरवर असते. बिलं करते, फोन घेते. मालक चांगला आहे, कोर्टाच्या तारखेला सुट्टी देतो.

कारण खटला अजून चालूच आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर पटवर्धन आणि ती बसतात. सुजय खांबापाशी उभा असतो. पटवर्धन सुरुवातीला तिच्याशी बोलत नसत. एकदा आपणहून म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी काही सुटलो नाही, बाई. नुसती वाटणी झाली." मग जरा वेळानं, "पण ब्रेकर का पडत होता ते कळलं. मी रात्रंदिवस तोच विचार करत होतो." त्यांनी पिशवीतून केळी काढली आणि एक तिच्यासमोर धरलं. तिनं घेतलं.

गेल्या तारखेला सोनूबाईची साक्ष होती. शमिकाला घेऊन ती पहाटेच्या गाडीनं आली होती. नवं लुगडं नेसलेली, समोरच्या बाकावर ताठ बसलेली. दुपारी पुकारा झाला आणि सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत म्हणून पुढची तारीख पडली. सगळे उठले. सोनूबाई उठून हेमाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. ती आपणहून जवळ आली असं पहिल्यांदाच घडत होतं.

"अजून किती येळा यायचा?"

"मला माहीत नाही," हेमा म्हणाली.

"तुला तरी म्हाईत असंल असा वाटला व्हता."

एवढं बोलून ती शमिकाचा हात धरून जिना उतरली. पटवर्धनांना त्यांचा भाचा न्यायला आला. सुजय आधीच निघून गेला होता. हेमानं पूर्ण दिवसाची सुट्टी घेतली होती आणि काम अर्ध्या दिवसातच आटपलं होतं. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. ती थोडा वेळ बाकावर बसली, मग चालत मारुती मंदिरला गेली, दुकानात पर्स ठेवली आणि काउंटरवर उभी राहिली.